शब्दचर्चा : लॅपटॉपचा ‘आवाज कमी’ म्हणजे नक्की काय?

सांगलीकर : वाचनालयातल्या लिनक्स लॅपटॉपांसाठी मराठीत एक पानी माहिती लिहायची आहे : स्पीकरचा आवाज कमी येत असेल तर काय बघायचं. ‘पूर्वनिर्धारित ध्वनिपातळी’ वाचून माणूस पान खाली ठेवेल. डिफॉल्ट, म्यूट, गेन (आवाजाला दिलेली वाढ) यांना काय लिहावं?

कराडकर : ‘पूर्वनिर्धारित’ नकोच, पण नुसतं ‘डिफॉल्ट’ही चालणार नाही. आपल्याकडे सोसायटीच्या थकबाकीमुळे तो शब्द आधीच बदनाम, आणि इथे त्याचे अर्थही दोन आहेत.

पहिला अर्थ : आवाज कुठून बाहेर पडायचा ते ठिकाण. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ दिलं की ‘सिंक्स’ (आवाज बाहेर पडण्याची ठिकाणं) खाली ज्याच्या आधी * दिसतं, ते. तिथे एचडीएमआय (बाहेरचा पडदा किंवा टीव्ही जोडायची वायर) असेल तर आवाज कमी येत नाही, लॅपटॉपमधून येतच नाही. याला ‘निवडलेला स्पीकर’ म्हणा.

दुसरा अर्थ : नवी प्रणाली टाकल्यावर वायरप्लंबर, म्हणजे आवाज कुठे आणि किती जायचा ते ठरवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, आपण होऊन लावतो तो आवाज. तो ४०% असतो. याला ‘सुरुवातीचा आवाज’ म्हणा. लोकांची तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. एकदा हाताने वाढवला की तो लक्षात ठेवला जातो, मात्र स्पीकरचा वेगळा आणि हेडफोनचा वेगळा. म्हणून हेडफोन काढल्याबरोबर आवाज पडल्यासारखा वाटतो. त्यात बिघाड काही नसतो.

वाईकर : त्या ४०%वर पानात दोन ओळी हव्यातच, कारण ‘टक्के’ हा शब्द फसवतो. पाइपवायर आणि पल्सऑडिओ या लिनक्समधला आवाज सांभाळणाऱ्या प्रणाली; दोन्हीकडे आवाजाच्या पट्टीवरचा आकडा घन करून वापरतात. ५०% म्हणजे ०.५चा घन, ०.१२५; डेसिबलमध्ये सुमारे −१८. ४०% म्हणजे ०.०६४, सुमारे −२४ डेसिबल. ८०%ला मात्र −६च्या आसपास. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा लागतो, हा ढोबळ हिशोब धरा. म्हणजे ४०%वर तो पावपटीच्याही खाली गेला.

वायरप्लंबर ०.५ किंवा पुढची आवृत्ती असेल तर ‘डिव्हाइस.रूट्स.डिफॉल्ट-सिंक-व्हॉल्यूम’ ही सेटिंग बदलून सुरुवातीचा आवाजच वाढवता येतो. तिथे घन केलेला आकडा द्यायचा असतो : ७०% हवे असतील तर ०.७ नव्हे, ०.३४३. जुन्या आवृत्तीत मांडणी लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फाइलींची होती, त्यामुळे इंटरनेटवरचे जुने उपाय इथे लागू पडत नाहीत.

मिरजकर : डिफॉल्टपेक्षा मला ‘आवाज’ हाच शब्द अडचणीचा वाटतो. साउंड आणि व्हॉल्यूम दोन्हींना आपण आवाजच म्हणतो. आणि पानात ‘आवाज चढवा’ असं लिहू नका. गाण्याबजावण्यातल्या माणसाला ‘चढा’ म्हटलं की सुराची पट्टी वर गेली असं वाटतं. ‘मोठा करा, बारीक करा’ सरळ आहे.

पण खरी मेख पुढे आहे. ‘आवाज कमी’ या एका तक्रारीखाली चार वेगळे दोष येतात, आणि मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत. तेच वापरा, दोष आपोआप सापडतो.

*बारीक* : सगळं नीट ऐकू येतं, फक्त लहान. पट्टी खाली आहे. अल्सामिक्सर (टर्मिनलमधून उघडणारा, आवाजाच्या सगळ्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. आधी नुसती एकच ‘मास्टर’ पट्टी दिसेल, ती पाइपवायरची. एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा. मग मास्टर, स्पीकर, पीसीएम अशा वेगळ्या पट्ट्या दिसतात. एखादी खाली अडकलेली असते.

*किनरा* : आवाज आहे, खर्ज नाही. तबला डबा वाजवल्यासारखा लागतो. चार स्पीकरच्या लॅपटॉपात खर्जाची जोडी चालूच झालेली नसते. अल्सामिक्सरमध्ये ‘बेस स्पीकर’ पट्टी आहे का बघा. असून बंद असेल तर सोपं. पट्टीच नसेल तर ड्रायव्हरला (साउंड कार्ड चालवणाऱ्या भागाला) तो स्पीकर माहीतच नाही : नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकून बघा, नाहीतर ‘एचडीए जॅक रीटास्क’ या प्रोग्रॅमने साउंड चिपवरची त्या स्पीकरची पिन स्पीकर म्हणून नोंदवा.

*दबलेला* : पट्टी १००%वर, तरी कान लावून ऐकावं लागतं. काही नव्या लॅपटॉपांत स्पीकरला वेगळी अ‍ॅम्प्लिफायर चिप असते, उदाहरणार्थ सिरस कंपनीची सीएस३५एल४१. तिचं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) मिळालं नाही की असं होतं. ‘डीमेसेज’ या कमांडने कर्नलचे संदेश दिसतात, त्यांत त्या नावाची चूक शोधा आणि लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करा. इथे पट्टीशी झटापट करून उपयोग नाही.

*फाटलेला* : कमी आवाजावरचा उतारा जास्त झाला. १५०% म्हणजे सुमारे +१०.६ डेसिबल, लाटेचे शेंडे छाटले जातात.

सांगलीकर : पण ग्नोममध्ये (लिनक्सच्या एका डेस्कटॉपमध्ये) १००%च्या वर न्यायची सोय दिलेलीच आहे. ती सांगू नये?

मिरजकर : सांगा, पण मुळातच हळू रेकॉर्ड झालेल्या व्याख्यानासाठी. गाणं आधीच वरपर्यंत भरलेलं असतं, ते लगेच फाटतं. गाण्यासाठी ईझीइफेक्ट्स या प्रोग्रॅममध्ये कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारा) आणि त्याच्यामागे लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा) लावा. बऱ्याच लॅपटॉपांत विंडोजवर हेच काम कंपनीचं सॉफ्टवेअर गुपचूप करतं, म्हणून तोच लॅपटॉप तिकडे मोठा वाजतो.

कराडकर : म्यूट राहिलं. कृपा करून ‘मुका करा’ लिहू नका, वाचनालय आहे. ‘आवाज बंद’ आणि ‘आवाज सुरू’ पुरे. अल्सामिक्सरमध्ये पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर बंद, ‘००’ असेल तर सुरू. एम दाबून बदलतं. तिथला शून्य म्हणजे आवाज शून्य नव्हे, हे कंसात घाला, हमखास उलटं वाचतात.

वाईकर : गेनला ‘गेन’च राहू दे. ‘वर्धन’ लिहिलंत तर लोक आडनाव समजतील. शेवटची पायरी मात्र विसरू नका : अल्सामिक्सरमधले बदल ‘सूडो अल्साकंट्रोल स्टोअर’ने साठवायचे. कमांड टाइप करताना ‘कंट्रोल’ पूर्ण नाही, ‘सीटीएल’ एवढंच.