अनुभव धागा : ‘द क्वीन ऑफ नथिंग’चा शेवट तुम्हांला पटला का?

निमंत्रण, ठाणे
होली ब्लॅक यांच्या ‘द फोक ऑफ द एअर’ या त्रयीचा दुसरा भाग जानेवारी २०१९ मध्ये आला आणि ‘द क्वीन ऑफ नथिंग’ हा अखेरचा भाग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. पऱ्यांच्या क्रूर दरबारात वाढलेल्या ज्यूड या माणसाच्या मुलीच्या वाट्याला जो शेवट आला, तो ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांना कसा वाटला, आणि नेमक्या कोणत्या प्रसंगामुळे, हे सविस्तर लिहावे. कथानक उघड होणारच आहे; ज्यांचे वाचन बाकी आहे त्यांनी इथेच थांबावे.

घणसोली
दुसऱ्या भागाच्या शेवटी पऱ्यांचा राजा कार्डन ज्यूडला मर्त्य जगात, म्हणजे माणसांच्या जगात, हद्दपार करतो आणि राजमुकुट क्षमा करेपर्यंत परतण्यास मनाई करतो. पण कार्डनशी झालेल्या लग्नामुळे ज्यूड स्वतःच राणी झालेली असते, म्हणजे क्षमेचा अधिकार पहिल्यापासून तिच्याच हाती असतो! हे उलगडले तेव्हा मी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचत होते. घरी पोहोचताच दुसरा भाग काढून ती शिक्षा पुन्हा वाचली. तिच्यात एक शब्दही खोटा नाही आणि असूही शकत नाही, कारण या पऱ्यांना खोटे बोलताच येत नाही. फसवायचे ते खऱ्या शब्दांच्या मांडणीतूनच. पहिल्या भागात घातलेला नियम लेखिकेने शेवटपर्यंत इतक्या निष्ठेने पाळावा, याचा मला फार आनंद झाला.

घोडबंदर रोड
मुलीच्या आग्रहामुळे मी ही पुस्तके वाचली आणि माझे सारे लक्ष मॅडॉककडे राहिले. ज्यूड सात वर्षांची असताना तिच्या डोळ्यांदेखत तिच्या आईवडिलांना मारणारा हा सेनापती तिन्ही बहिणींना स्वतःच्या घरी नेतो, ज्यूडला तलवार शिकवतो, आणि तिचाही त्याच्यावर जीव जडतो. शेवटी तो हरतो तेव्हा ती एकतर त्याचा जीव घेईल किंवा सगळे विसरून त्याच्या गळ्यात पडेल, अशी मला धास्ती होती. ती त्याला मर्त्य जगात पाठवते आणि पुन्हा शस्त्राला हात लावायचा नाही, असे बजावते. शत्रूच्या रक्तात टोपी बुडवणाऱ्या योद्ध्याला याहून जड शिक्षा मला सुचत नाही. लेकीच्या मते मात्र ज्यूडने या निमित्ताने आपल्या या मानलेल्या वडिलांना वाचवलेच. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

नेरूळ
नवऱ्याचा खून करून चौकशीला मात्र ज्यूडला स्वतःच्या वेषात उभे करणाऱ्या तिच्या जुळ्या बहिणीला, टॅरिनला, इतक्या सहज क्षमा मिळायला नको होती. कार्डनचा मृत्यूही घाईघाईने उरकला आहे.

नौपाडा
माझे बालपण कोकणातले. विहिरीत साती आसरा असतात म्हणून आजी भर दुपारी तिकडे फिरकू देत नसे. त्यामुळे पऱ्या गोड आणि प्रेमळ असतात, ही समजूत मुळातच नव्हती. ज्यूड पऱ्यांच्या जादूपासून बचाव म्हणून रोवन या झाडाच्या फळांची माळ घालते, पऱ्यांच्या घरचे अन्न बाधू नये म्हणून मीठ जवळ बाळगते, हे वाचताना आमच्याकडची मीठमोहरी आठवली. शेवटच्या भागात ही भीती विरळ होते, कारण ज्यूड आता त्या दरबाराची राणी असते. मला ती भीती हवी होती.

खारघर
कार्डन राजमुकुट मोडतो आणि शापाने प्रचंड सर्प होतो. त्याला कायम ताब्यात ठेवील असा सोन्याचा लगाम ज्यूडला मिळतो. तो वापरला तर एल्फहेम हे पऱ्यांचे सारे राज्य तिच्या धाकात राहील. हीच ती मुलगी, जिने पहिल्या भागात कार्डनला वर्ष आणि एक दिवस आज्ञेत राहण्याच्या वचनात बांधले होते. या वेळी ती लगाम नाकारून सर्पाचे शिर उडवते, आणि त्यातून कार्डन जिवंत बाहेर येईल याची तिला कसलीही खात्री नसते. नेरूळच्या वाचकांची तक्रार मला मान्य आहे, मृत्यू आणि पुनरागमन यांच्यामध्ये शोकाला जागाच उरलेली नाही. तरीही सत्तेसाठी इतकी धडपडलेली ज्यूड हाती आलेली सर्वांत मोठी सत्ता सोडते, म्हणून पुढचा सुखान्त मला फुकटचा वाटला नाही. लगाम घालून तिने राज्य केले असते, तर मी ही त्रयी कोणालाही वाचायला दिली नसती.