सोसायटी ग्रुप: सुमनबाईंचं कार्ड का अडलं?

मीनल (ब-३०१): सगळ्यांना नमस्कार. जिना झाडायला येणाऱ्या सुमनबाईंबद्दल लिहितेय, मेसेज लांबेल, सांभाळून घ्या. आज त्या सीएससी केंद्रावर (सरकारी ऑनलाइन कामांचं केंद्र) ई-श्रम कार्ड, म्हणजे पीएफ नसलेल्या असंघटित कामगारांचं कार्ड, काढायला गेल्या होत्या. स्क्रीनवर आलं की तुम्ही पीएफच्या सदस्य आहात, नोंदणी होणार नाही. संध्याकाळी येऊन मला विचारतात, "ताई, मना पीएफ कोठे शे?"
अडीच वर्षांपूर्वी त्या एमआयडीसीत एका चटई कारखान्यात ठेकेदाराकडे आठ महिने होत्या. ठेकेदाराने पीएफ कापला, भरलाही. त्यांनी काम सोडलं, पण सोडल्याची तारीख त्याने टाकलीच नाही. दप्तरात त्या आजही तिथे कामाला आहेत.

अविनाश (अ-२०२): म्हणूनच माझं म्हणणं आहे, एका खात्याने दुसऱ्या खात्याला आपली माहिती द्यावीच कशाला? पीएफ आपल्या पगारातून कापतात तो आपल्या म्हातारपणासाठी. ती नोंद दुसऱ्या योजनेत आपल्या विरोधात कशी वापरतात?

नाना (अ-१०४): अविनाश, थांब जरा. मी तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या (निराधारांना मदत देणारी) टेबलावर होतो, म्हणून बोलतो. वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे ही त्या योजनेची अट. ते सिद्ध कसं करायचं? विधवा बाईने तलाठ्याकडे जायचं, तो सापडला तर अहवाल, मग तालुक्याला येऊन दाखला. चोपड्याच्या आदिवासी पट्ट्यातून बाई यायची, एसटी चुकली की रात्री स्टँडवर बसून राहायची. तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. आणि जो कागद ती आणायची, त्यातली माहिती कुठल्या ना कुठल्या सरकारी कपाटात आधीच पडलेली असायची. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, आणि आम्ही त्याचा दाखला तिच्याकडेच मागायचो! माहिती एकमेकांना दिली तर या फेऱ्या वाचतात. ही गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो.

नाना (अ-१०४): दुसरं. लाडकी बहीण २०२४ च्या जुलैत सुरू झाली, महिना १,५०० रुपये. घरात सरकारी नोकर असेल तर लाभ नाही, ही अट पहिल्या दिवसापासून होती. तरी २,००० हून जास्त सरकारी कर्मचारी महिलांनी पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. चौदा हजारांवर पुरुषांच्या नावावरही पैसे गेले. पगार सरकार देतं, पगाराची यादी सरकारच्या हातात. ती यादी अर्जाच्या वेळीच ताडून पाहिली असती तर एक रुपया गेला नसता.

वंदना काकू (क-१०१): नाना अगदी बरोबर. आमच्या ओळखीत गरजू बाई राहिली आणि भलतीच घेऊन गेली.

मीनल (ब-३०१): नाना, तुमचं मला पूर्ण पटतं. मी पगारपत्रकाचं काम १७ वर्षं करतेय. दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत आम्ही पीएफचं चलन भरतो. त्या फाईलमध्ये प्रत्येक माणसाचा यूएएन (पीएफचा क्रमांक), पगार, किती दिवस बिनपगारी गेले, सगळं असतं. इतकी ताजी नोंद तलाठ्याकडे कधीच नसणार.
पण ती फाईल पैसे जमा करण्यासाठी बनलेली आहे. माणूस आला की आम्ही लगेच नोंदवतो, नाही नोंदवलं तर दंड-व्याज लागतं. माणूस गेला की त्याची तारीख टाकायची कुणाला घाई नसते. ठेकेदाराचं त्यात काही अडत नाही. आमच्या ऑफिसातही कित्येकांची एग्झिट, म्हणजे सोडल्याची तारीख, महिनोन्महिने राहून जाते. मी त्याला आजवर किरकोळ कारकुनी समजत आले. आज सुमनबाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा कळलं की ती रिकामी चौकट कुणाचं कार्ड अडवू शकते. मला खरंच वाईट वाटलं. सोमवारपासून आमच्याकडच्या सगळ्या राहिलेल्या एग्झिट मी काढून बसणार आहे.

अविनाश (अ-२०२): म्हणजे नोंद खोटी नाही, शिळी आहे.

मीनल (ब-३०१): हो. आणि शिळं कुणाच्या ताटात वाढलं जातंय ते वाढणाऱ्याला दिसत नाही.

वसंतभाऊ (क-४०२): मुलगा मेलबर्नला आहे, त्याने तिथला एक प्रकार सांगितला होता. ऑस्ट्रेलियात बेकारांना सरकार दर पंधरवड्याला भत्ता देतं. इन्कम टॅक्सवाल्यांकडे वर्षाचं उत्पन्न असतं. २०१६ च्या सुमारास त्यांनी दोन्ही याद्या कॉम्प्युटरवर जुळवायला घेतल्या. वर्षाच्या उत्पन्नाला सरळ २६ ने भागायचं आणि म्हणायचं की तुम्ही प्रत्येक पंधरवड्याला एवढं कमावलं. जो सहा महिने कामावर आणि सहा महिने घरी, तोही बारा महिने कमावता दिसू लागला! लाखो लोकांना वसुलीची पत्रं गेली. चूक नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसांवरच, आणि जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या कोण जपून ठेवतो? लोक त्याला रोबोडेट म्हणतात, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेलं कर्ज. शेवटी ते बेकायदा ठरलं, पैसे परत करावे लागले, चौकशी आयोगाचा अहवाल २०२३ मध्ये आला.

नाना (अ-१०४): भाऊ, हे तर आपल्या जिनिंगला तंतोतंत लागू पडतं. कापूस आला की दिवाळीपासून दोन-दोन पाळ्या, आणि उन्हाळ्यात गेटला कुलूप. रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या भरणाऱ्यांचंही तेच, माल असेल तेव्हा हाताला दम नाही, नसेल तेव्हा दिवसभर ओट्यावर. अशा माणसाच्या कमाईची सरासरी काढणं म्हणजे गिरणा नदीला बारमाही म्हणण्यासारखं.

वंदना काकू (क-१०१): पण मग काय करायचं? जुळवायचंच नाही का? मग परत चोर सुटतील.

अविनाश (अ-२०२): काकू, माझी हरकत वेगळी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. योजनेवाल्यांना फक्त "पीएफ चालू आहे का, हो की नाही" एवढंच उत्तर लागतं. त्यासाठी माझा पगार किती, मालक कोण, किती दिवस गैरहजर, हे सगळं दुसऱ्या खात्याला कशाला दिसावं? एकदा अख्खी फाईल गेली की ती कुठल्या पेनड्राइव्हवर फिरेल कोण सांगणार?

मीनल (ब-३०१): हे मात्र शंभर टक्के. आम्हाला साधं बँकेच्या कर्जासाठी पगार पडताळणीचा फोन येतो, तेव्हाही आम्ही "हो, आमच्याकडे आहे" यापलीकडे बोलत नाही.
आणि काकू, जुळवायला हवंच. पण जुळवणी झाल्यावर काय करायचं, तिथे माझं भांडण आहे. यादीत नाव लागलं तर आधी माणसाला कळवा की अमुक कारखान्याची नोंद दिसतेय, एवढ्या दिवसांत सांगा. मराठीत कळवा. गावात रेशन दुकानावर, ग्रामपंचायतीत यादी लावा. तोवर चालू असलेली मदत थांबवू नका. सरकारी नोकराकडून पैसे नंतरही वसूल होतील, त्याचा पगार कुठे जातोय? निराधार बाईचे दोन महिने थांबले तर ती किराणा उधारीवर आणते, आणि ते दोन महिने तिला कुणी परत देत नाही.

नाना (अ-१०४): आन चूक कोठे दुरुस्त करानी, तेबी सांगा. तहसीलदार म्हणतो पीएफ ऑफिसला जा, पीएफवाला म्हणतो ठेकेदाराकडे जा, ठेकेदाराचा फोन बंद. मी टेबलावर होतो तेव्हा मलाही लोकांना असंच पुढे पाठवावं लागायचं. दुसऱ्या खात्याच्या नोंदीवरून नाही म्हणायचा अधिकार मिळतो, पण ती नोंद दुरुस्त करायचा अधिकार मिळत नाही. अर्धंच सोपवलेलं काम आहे ते.

वसंतभाऊ (क-४०२): बाईंचं सध्या काय करता येईल? ई-श्रम लगेच नाही झालं तर काय बिघडतं?

मीनल (ब-३०१): त्यांना पुढे श्रमयोगी मानधन घ्यायचंय. साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार टाकतं. पण शिरायची मर्यादा ४० वर्षं, आणि पीएफ चालू असलेल्याला ते मिळत नाही. आधारवर पाहिलं, बाईंना पुढच्या फेब्रुवारीत चाळीस पूर्ण होतात. म्हणून घाई.
आणि एक चांगली गोष्ट. शेवटचा हप्ता भरून दोन महिने उलटले की सोडल्याची तारीख सदस्य स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकू शकतो, ठेकेदाराची गरज नाही. मग फॉर्म १९ भरून त्यांचे साठलेले पीएफचे पैसेही काढता येतील. आठ महिन्यांचे आहेत, कुणी खाल्लेले नाहीत.

अविनाश (अ-२०२): मग आत्ताच करून टाकू ना, माझा लॅपटॉप चालू आहे.

मीनल (ब-३०१): ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर जातो. ते सिम त्यांच्या मोठ्या मुलाकडे आहे. तो सुरतला हिऱ्याच्या कारखान्यात, दुपारी जेवणाच्या सुट्टीतच फोन उचलतो.

नाना (अ-१०४): मग आधी आधार केंद्रावर बाईचा स्वतःचा नंबर जोडू. पोरगा उद्या सिम बदलेल, परत हेच. सोमवारी मी सोबत जातो, स्कूटर आहे.

वंदना काकू (क-१०१): सोमवारी जिना राहिला तरी चालेल. कुणी तक्रार टाकू नका ग्रुपवर. आणि बाईंचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, हे चेअरमन साहेबांनी आत्ताच लिहून द्यावं.