बोरॉन नायट्राइडचा लेप सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूला तारतो की मारतो?

भट्टीकर
'लेप दिला की तंतू सुरक्षित' असं सर्रास म्हटलं जातं. दमट हवेत 700 ते 900 अंशांना मला ते साफ अमान्य आहे. उघड्या तंतूवर सिलिकाची पातळ साय धरते आणि ऑक्सिजनला अडवते. लेपातल्या बोरॉनचा मात्र ऑक्साइड होतो. तो 450 अंशांनाच वितळतो आणि ती साय विरघळवतो. तयार झालेल्या काचेतून ऑक्सिजन भराभर आत शिरतो. शेजारचे तंतू तिनेच एकमेकांना चिकटतात; मग एक तुटला की तडा थेट दुसऱ्यात.

अवनी
भट्टीकर, लेप मुळात तडा तंतूत न शिरता कडेने वळवायला असतो. तो काढलात तर मॅट्रिक्स, म्हणजे तंतूंभोवतीचं सिरॅमिक, तंतूला घट्ट धरेल आणि पहिल्याच तड्यात अख्खा भाग जाईल. त्याऐवजी पायरोकार्बनचा, म्हणजे कार्बनचा, लेप नायट्राइडहून वाईट: 500 अंशांच्या आसपास जळू लागतो आणि तंतूभोवती पोकळी सोडतो. तुम्ही सांगताय ती खोड कमी तापमानाला बसवलेल्या, स्फटिकरचना विस्कळीत असलेल्या नायट्राइडची. 1400 अंशांच्या आसपास बसवलेला किंवा सिलिकॉन मिसळलेला लेप ओलाव्यात कितीतरी जास्त टिकतो.

भट्टीकर
टिकतो, पण मॅट्रिक्सला तडा जाईपर्यंतच. वाफ आत आली की बोरॉन ऑक्साइड बोरिक आम्ल होऊन उडून जातो. 1200 अंशांना सिलिका झटपट वाढून तड्याचं तोंड बुजवते, 800 ला ते तोंड उघडंच राहतं. म्हणून फक्त 1200 च्या चाचणीवर लेप पास करू नका!

रवाळ
ऑक्साइड तंतूंना का विसरता? नेक्स्टेल 610 हा तंतू जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिना, त्याला ऑक्सिजनची भीती नाही. भाराखाली 1000 अंशांपुढे क्रीप होतो, म्हणजे हळूहळू ताणत जातो, हे खरं. आणि तिथेही लेप घात करू शकतो: मोनाझाइट या फॉस्फेटच्या लेपासाठी आम्लधर्मी फॉस्फेटचं द्रावण वापरून भाजलं, तर वापराआधीच ताकद घटते.

अवनी
मान्य, पण 'ताकद घटली' हे मोजलं कसं? 12 मायक्रॉनच्या तंतूवर अर्धा मायक्रॉन लेप असेल आणि ताण बाहेरच्या व्यासावर काढला, तर काही न बिघडताही आकडा 15 टक्क्यांनी कमी दिसतो. मूळ व्यास धरा.

भट्टीकर
उलटंही होतं. चिकटलेल्या जुडग्यातून तंतू सोडवताना कमकुवत ते आधीच तुटतात. उरलेल्या 30 दणकट तंतूंची सरासरी छानच येणार. सोडवताना किती तुटले तेही लिहा, आणि जोडीला अख्खं जुडगं ओढून बघा. लेप निर्दोष ठरवणारे बरेच आलेख तिथेच कोसळतील.