वाचनालयात हस्तकलेचं दालन: ओल, गंजिफा आणि कारागिरांचा हिशेब

माडाखाली
कुडाळजवळच्या आमच्या गावात वाचनालयाची 20 × 15 फुटांची खोली मोकळी आहे, उंची 10 फूट. तिथे कारागिरांच्या वस्तू कायमच्या मांडायच्या आहेत, विक्रीही करायची आहे. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी, गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), बांबूच्या रोवळ्या-सुपं, शिवाय कापशी (कोल्हापुरी) चपला आणि वारली चित्रं. उद्घाटन चतुर्थीच्या आधी, म्हणजे भर पावसात. भिंती चिऱ्याच्या, पश्चिमेची ओल धरते. काचेच्या पेट्या कराव्यात की उघडं ठेवावं? गंजिफा कशी लावतात? वस्तू ठेवून घेताना लिखापढी काय करावी?

चिरेबंदी
पेट्यांचं नंतर, आधी ओल बघा. दोन डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारी यंत्रं) घ्या, एक पश्चिमेच्या भिंतीलगत आणि एक खोलीच्या मध्यावर. आर्द्रता सतत 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आलीच म्हणून समजा. तुमची खोली 3000 घनफूट, तिला दिवसाला 20 लिटर पाणी ओढणारं डीह्युमिडिफायर मशीन पुरावं. पण खिडक्या बंद हव्यात आणि मशीन रात्रीही चालू हवं. एसी दिवसा लावून रात्री बंद करणं सगळ्यात वाईट. बाहेरची दमट हवा गार झालेल्या वस्तूंवर बसते, लाकूड रोज फुगतं-आकसतं, लाखेला तेवढा ताण सोसत नाही आणि तिचे पोपडे सुटतात.

पश्चिमेच्या भिंतीवर शक्यतो काही टांगू नका. टांगावंच लागलं तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना इंचभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळली पाहिजे. वारलीतला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, त्यावर कसर येते. फ्रेमला काच असेल तर मधे माउंट (चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) हवंच, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो आणि फ्रेम उघडताना चित्र सोलून येतं.

टिकलीभर
सगळं काचेत बंद करा आणि आत सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या टाका. सोपं काम.

चिरेबंदी
@टिकलीभर, बुटांच्या खोक्यातल्या पुड्यांनी काही होत नाही. हवाबंद पेटीला संग्रहालयांचा ठोकताळा घनमीटरमागे सुमारे 20 किलो जेलचा आहे. 4 × 2 × दीड फुटांच्या पेटीला जवळपास 7 किलो झाली. तीही 50-55 टक्के आर्द्रतेत मुरवून ठेवलेली हवी. भट्टीतून काढलेली कोरडी ठणठणीत जेल टाकलीत तर आतली हवा पार सुकते आणि लाकूड तडकतं. चपला तर काचेत कोंडूच नका. कातडं झाडाच्या सालीने कमावलेलं असतं, कोंडल्या हवेत आठवडाभरात पांढरी बुरशी धरतं. उघड्या फळीवर, आत कोरा कागद भरून ठेवा आणि महिन्याला सुक्या ब्रशने पुसा.

रंगराजा
गंजिफांबद्दल. दशावतारी संचात 120 पानं असतात, दहा रंग (म्हणजे बदाम-इस्पिकसारखे गट) आणि प्रत्येकी 12 पानं. सगळी मांडू नका, बघणाऱ्याला फक्त गोल चकत्या दिसतात. एकच रंग पूर्ण लावा: राजा, वजीर, मग एक्का ते दश्शा. खाली एक ओळ लिहा की अर्ध्या रंगांत दश्शा वरचढ, उरलेल्यांत एक्का. मग लोक थांबून बघतात.

चिकटपट्टी, डबल टेप काही नको, काढताना रंग घेऊन येते. लाकडी पट्टीला 4 मिमी खोल खाच पाडा, आत फेल्टची चिंधी आणि पट्टी थोडी मागे कललेली. उजेड 50 लक्सच्या (उजेड मोजण्याचं एकक) आत. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं चालतं. दिवा पेटीबाहेरच, कारण उष्णतेने लाख मऊ पडते.

बांबू आत घेण्याआधी काळ्या कागदावर दोन दिवस ठेवा. खाली पिवळसर भुकटी पडली तर भुंगेरा आहे. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये उणे 18-20 अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर 24 तास गुंडाळी सोडू नका, नाहीतर वस्तूवर पाणी सुटतं.

माडाखाली
खेळण्यांनाही फ्रीझर चालेल का? पांगाऱ्याची जुनी आहेत.

रंगराजा
अजिबात नाही, लाख तडकेल. भुकटी दिसली तर ते खेळणं वेगळं काढून कारागिराकडे परत.

खतावणी
लिखापढी अशी: प्रत्येक वस्तूची दोन प्रतींत पावती. त्यात माप, आधीचे टवके-चरे (फोटोसकट), कारागिराचा भाव, तुमचं कमिशन, पैसे देण्याची तारीख, न विकल्यास परतीची तारीख आणि तुटफूट कोणाच्या माथी. हे शेवटचं कलम बहुतेक जण विसरतात आणि भांडण तिथेच होतं. विक्रीचे पैसे वाचनालयाच्या रोजच्या गल्ल्यात मिसळू देऊ नका, वही वेगळी.

पाटीवर नाव कारागिराचं, दात्याचं नव्हे. गाव, लाकूड किंवा कातडं कोणतं, लागलेले दिवस, किंमत. अक्षर 24 पॉइंटच्या खाली नको. ज्यांच्याकडे विकास आयुक्त (हस्तकला) यांचं ‘पहचान’ ओळखपत्र आहे, त्यांचा क्रमांक पावतीवर घ्या, पाटीवर नको. आणि रेक्झिनच्या चपलेला ‘कोल्हापुरी’ लिहू नका. 2019 पासून त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.