मदत हवी आहे: मुलाने फुटबॉल निवडावा की बेसबॉल?

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं सांभाळणारा खेळाडू), बेसबॉलमध्ये सेंटरफिल्डर (मैदानाच्या मागच्या मधल्या भागातला क्षेत्ररक्षक). जुलैच्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यात) त्याचं नाव येईल, असं प्रशिक्षक म्हणतात. त्याचा जीव मात्र फुटबॉलमध्ये अडकलाय.

असेच दोन्ही खेळ खेळणाऱ्या कायलर मरेचा विषय घरात रोज निघतो. 2018 मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर घेतलं, 46 लाख डॉलरहून जास्त बोनस ठरला. तरी तो ओक्लाहोमा विद्यापीठाकडून आणखी एक हंगाम फुटबॉल खेळला, हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला आणि 2019 मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. बेसबॉलचे हातात आलेले बहुतेक पैसे त्याने परत केले.

मला मात्र बो जॅक्सन आठवतो, तो दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळायचा. 1991 च्या जानेवारीत एका टॅकलमध्ये (प्रतिस्पर्ध्याने धरून पाडताना) खुब्याला मार लागला आणि त्याचं फुटबॉल कायमचं संपलं. आमचा मुलगा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कठडा धरून एकेक पायरी उतरतो, ते बघवत नाही हो. बेसबॉलमध्ये मायनर लीगची (मुख्य लीगच्या खालच्या स्तरावरची) वर्षं, बसचे प्रवास आणि तुटपुंजा पगार, हेही कळतं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं यातून गेली आहेत का? बेसबॉलचा करार करूनही आणखी एक वर्ष कॉलेज फुटबॉल खेळू द्यावं, अशी अट क्लबकडे कशी मांडायची? उरलेल्या शिक्षणाचा खर्च करारात लिहून घेता येतो म्हणे, तो किती मागावा? दुखापतीचा विमा कुणी काढलाय? या विषयातला चांगला वकील माहीत असेल तर कृपया मेसेज करा.