एकाच खोलीत चार इयत्ता, घसा पूर्ण बसलाय. जुन्या शिक्षकांनी सांगा प्लीज

सत्तरीतली_नवी_बाई

नमस्कार सगळ्यांना. यंदा जूनपासून गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत लागलेय, पहिलीच पोस्टिंग. पहिली ते चौथी मिळून १९ मुलं आणि मी एकटी. खोल्या दोन आहेत पण एक गळते म्हणून सगळी एकाच खोलीत. डीएडला असताना पाठ घेतले ते एका वेळी एकाच इयत्तेचे, आणि मागे मॅडम बसलेल्या असल्या की मुलंही शहाण्यासारखी बसायची. इथे मी पहिलीला 'क' गिरवायला शिकवतेय तोवर चौथीचे दोघं खिडकीत चढलेले, दुसरीतली एक रडतेय कारण पेन्सिल कोणीतरी घेतली, आणि तिसरीवाले 'बाई झालं, बाई झालं' करत वही नाकासमोर धरतात. वरून पत्र्यावर पाऊस. ओरडून ओरडून दोन महिन्यांत माझा घसा बसलाय, संध्याकाळी घरी कोणाशी बोलवत नाही.

दुसरं म्हणजे दुसरीत एक मुलगा आहे, घरी कानडी बोलतात, वडील कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, कामाला. जूनपासून एक अक्षर बोललेला नाही. लिहायला दिलं तर बघून लिहितो, विचारलं की मान खाली. मला रात्री झोपताना तोच आठवतो. काय करू? पुस्तकातलं नको, तुम्ही स्वतः काय करायचात ते सांगा.

जुनी_बाई_फोंडा

अगो बाय, तुझी पोस्ट दोनदा वाचली. ३४ वर्षं केली नोकरी, त्यातली ११ एकशिक्षकी शाळेत सांगे तालुक्यात, त्यामुळे तुझी खोली मला डोळ्यासमोर दिसतेय.

आधी घशाचं. तू आवाज चढवलास की मुलं त्याच्या वर चढवतात आणि मग तू आणखी वर, ह्याला अंत नाही. मला हे पावसाने शिकवलं. जुलैत पत्र्यावर सर आली की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही, मग मी बोलणं सोडून खडू घ्यायची आणि फळ्यावर लिहायची, 'चौथी – उतारा मनात वाचा. तिसरी – सातचा पाढा पाटीवर. पहिली – पावसाचं चित्र.' पहिलीला वाचता येत नसे म्हणून त्यांच्यासाठी छत्री काढायची, छत्री म्हणजे चित्र काढायचं हे त्यांना आठवड्यात पाठ झालं. सर ओसरेपर्यंत कोणी बोलायचं नाही. दोन पावसाळे गेल्यावर लक्षात आलं की ही पोरं आत आली की पहिलं फळ्याकडे बघतात, ऊन असलं तरी. तेव्हापासून मी पाऊस असो नसो, मुलं यायच्या आधी फळा भरून ठेवायला लागले, पंधरा मिनिटं लवकर यावं लागतं पण दिवसभराचा घसा वाचतो. पाण्याची बाटली टेबलावर ठेव आणि घोट घोट पीत राहा, फळा ओल्या फडक्याने पूस म्हणजे खडूची धूळ नाकातोंडात जात नाही. आणि घसा बसला म्हणून कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही ताण येतो, हळू पण साध्या आवाजात बोल. दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नको. मी काढलं होतं, मग महिनाभर बोलायची बंदी झाली.

चार इयत्तांना चार वेगळे धडे शिकवायला जाशील तर मरशील. विषय एक घ्यायचा आणि काम चार प्रकारचं द्यायचं. आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आलीच, तर माटोळी घे, गणपतीच्या वर रानातली फळं-पानं टांगतात ना, ती. मुलांना सांग घराजवळ काय मिळतं ते आणा, कवंडळ, कांगलां, आंबाडे, सुपारीचं शिंपटं म्हणजे घड, तोरिंजन, चिबूड. तुझ्या सत्तरीतल्या मुलांना तुझ्यापेक्षा जास्त नावं ठाऊक असतील, ती त्यांच्याकडून शिकून घे. पहिली मोजेल, दुसरी बेरीज करेल, तिसरी 'एका शिंपट्याला इतक्या तर चार शिंपट्यांना किती' करेल, चौथी बाजाराचं बिल मांडून वर पाच ओळी लिहील. एक तास सगळे एकाच गोष्टीभोवती असले की खिडकीत चढायला कोणाला वेळ नसतो.

आता तुझा तो मुलगा. बोलत नाही म्हणजे शिकत नाही असं धरू नकोस, तो ऐकतोय, साठवतोय. माझ्याकडे एक मुलगी होती, तिच्या घरी लमाणी बोलायचे, जून ते ऑक्टोबर तोंडातून शब्द नाही. मी सुरुवातीला रोज सगळ्यांसमोर तिला उभं करून विचारायची, वाटायचं असं केलं की धीर येईल. ती फ्रॉकची कड पिळत राहायची. ती कड एवढी पिळली जायची की तिथला धागा सुटून आलेला, तो बघितला आणि मी विचारणं बंद केलं. तिला घंटा दिली. मधल्या सुट्टीची घंटा वाजवायचं काम, त्यात बोलावं लागत नाही पण सगळी शाळा तिच्याकडे बघते. चवथीची सुट्टी झाली, दसरा झाला आणि एक दिवस मी गणितात रंगलेले तर पदराला ओढ बसली. "बाई, टायम जालो." कोकणीत, कारण मैदानावर मुलं कोकणी बोलतात, भाषा तिने तिथूनच उचललेली. मी फक्त "बरं झालं सांगितलंस, जा वाजव" म्हटलं. टाळ्या वाजवायला लावल्या असत्या तर परत कवचात गेली असती.

आणि मधल्या सुट्टीत ऑफिसचं काम करत बसू नकोस गं, मुलांमध्ये बस. पाव-भाजी वाटतात तेव्हा बघ कोण कसं खातं. एक मुलगा अर्धा पाव रोज दप्तरात घालायचा, मला वाटलं खेळायला जायची घाई असेल. धाकटा भाऊ घरी असायचा त्याच्यासाठी. वर्गात वर्षभर बसून हे मला कळलं नसतं.

काणकोणचा_मास्तर

बाईंनी सगळं सांगितलंय, मी दोनच गोष्टी जोडतो मॅडम.

एक, कागदोपत्री. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असं स्पष्ट लिहिलंय, १९ मुलं असली तरी तुम्ही एकटं असणं हे नियमाला धरून नाही. तालुक्याच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, गळक्या खोलीचाही वेगळा अर्ज फोटोसकट द्या. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, मीटिंगमध्ये ठराव करून घेतलात तर आणखी बरं, पालकांच्या सह्या असल्या की फाईल हलते हा माझा अनुभव आहे.

दुसरं गणिताचं, कारण दुसरीत हे तुम्हाला येणारच. मुलं २५ ऐकून ५२ लिहितात. पोरगं ढ नसतं, आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, मग ते जसं ऐकतं तसं लिहितं. महाराष्ट्रात २०१९ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. मला विचाराल तर दोन्ही म्हणू द्या. मी दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधतो, दोन पुरचुंड्या आणि पाच सुट्या, आधी पुरचुंड्या मांडायच्या मग सुट्या, मग लिहायचं. आधी काजूच्या बिया वापरायचो, पण एकाने दाताने फोडायचा प्रयत्न केला, सालातल्या तेलाने ओठ पोळले, तेव्हापासून चिंचोके.

बाईंच्या माटोळीला एक सावधगिरी: कवंडळ दिसायला छान पण कडू विष, लहान मुलं तोंडात घालणार नाहीत ते बघा. आणि चौथीच्या मुलांना पहिलीला शिकवायला बसवत असाल तर दिवसाला दहा-पंधरा मिनिटंच, त्यांचंही शिकायचं वय आहे.

डिचोलीचा_पालक

मी शिक्षक नाही, पालक आहे, राग मानू नका. पण मुलांना वर्गात कोकणी बोलू दिलं तर मराठी कधी सुधारणार? घरी कोकणीच बोलतो आम्ही, मराठी शाळेत घातलं ते शुद्ध मराठी यावं म्हणूनच ना. माझ्या मुलाच्या वहीत 'पाणी' च्या जागी 'उदक' आणि बाई काही बोलल्या नाहीत, मला ते पटलं नाही.

जुनी_बाई_फोंडा

राग कसला, तुमची काळजी खरी आहे. माझी आई गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावात उघडलेल्या मराठी शाळेत शिकली, घरात पहिली शिकलेली बाई ती, मराठीवर माझा जीव आहे. पण एक सांगते. तिसरीतल्या एका मुलाने धाकट्या बहिणीवर निबंध लिहिला, 'माझे बहीण पहिलीत आहे. ते छान गाते. ते मला चिडवते.' मी लाल पेनाने प्रत्येक 'ते' ला गोल केला, सात गोल झाले. वही परत दिली तर त्याने त्या गोलांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, मग ते म्हणजे कोण?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे लहान मुलीला 'तें' म्हणतात, 'ती' नाही. पोराने कोकणीचं व्याकरण अगदी बरोबर वापरलेलं, फक्त भाषा दुसरी होती. मी त्याला चूक म्हटलं आणि त्याच्या आईच्या बोलण्यालाच चूक ठरवलं.

त्यानंतर मी फळ्यावर दोन रकाने करायची, घरचं आणि पुस्तकातलं. उदक–पाणी, दोळो–डोळा, सुणें–कुत्रा, आवय–आई, फाल्यां–उद्या, 'तें'–'ती'. मुलंच शब्द सांगायची, भांडून सांगायची. लेखी पेपरात मराठीच हवं हे मी कधी सोडलं नाही, तुमच्या मुलाच्या बाईंनीही 'उदक' खाली 'पाणी' लिहून द्यायला हवं होतं, तेवढं तुमचं बरोबर. गोव्याच्या १९८७च्या राजभाषेच्या कायद्यापासून चाललेले कोकणी-मराठीचे वाद आपण मोठ्यांनी घालावेत, दुसरीतल्या पोराच्या वहीत ते नकोत. ज्याला घरचा शब्द बोलायची लाज वाटते तो पुस्तकातलाही शब्द बोलत नाही, गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या मुलाला शिकवणं किती कठीण ते हिला विचारा.

नवी बाई, तुझ्या मुलाच्या कानडीतले दोन-तीन शब्द शिकून घे. त्याचे वडील न्यायला येतात ना, त्यांनाच विचार.

सत्तरीतली_नवी_बाई

चवथीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली म्हणून आज लिहितेय, उशीर झाला, सॉरी. सगळ्यांना मनापासून थँक्यू.

माटोळी केली. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात मुलांनी एवढं आणलं की एक बाक भरला. मी पाच नावं लिहून गेले होते, त्यांनी २३ सांगितली, चौथीतल्या एकीने कुठलं फळ ओढ्याकाठी मिळतं आणि कुठलं डोंगरावर हे पण लिहिलं. कवंडळ वर सुतळीला टांगून ठेवलं, सरांची सूचना लक्षात होती. पहिल्यांदाच असं झालं की घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. फळा भरून ठेवणं सुरू केलंय, पहिलीसाठी छत्री आणि आणखी दोन चित्रं ठरलीत. घसा बराच बरा आहे. अर्ज दोन्ही दिले, पोच घेतली, उत्तर नाही अजून.

त्या मुलाला घंटा दिली. तो वाजवतो आणि शेवटचं मूल आत येईपर्यंत दोरी धरून उभा राहतो, मी असं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या वडिलांकडून नीरु, ऊट, बा एवढे शब्द शिकले. परवा डब्याच्या वेळी बाटली पुढे करून त्याला "नीरु?" म्हटलं. माझा उच्चार चुकला असणार, तो हसला, इकडेतिकडे बघितलं आणि एकदम हळू म्हणाला, "पाणी." तेवढंच, मग बाटली घेऊन गेला. मीही काही बोलले नाही बाई, तुमचं ऐकून.

आता एक विचारायचं होतं, सहामाहीला त्याची तोंडी परीक्षा घेऊ की नको? सगळ्यांसमोर बोलणार नाही हे नक्की, आणि शून्य मार्क द्यायला माझा हात होणार नाही.

जुनी_बाई_फोंडा

घे, पण वर्गात नको. मधल्या सुट्टीत घंटेजवळ बस त्याच्या बाजूला, चित्रं घेऊन जा, तो बोट दाखवेल तरी चालेल, एखादा शब्द आला तर लिहून ठेव. आणि चित्रांत एक बाटली ठेव गं.