प्रत्येक चित्राला पारदर्शकता कशाला?

भिंगवाला:
"संकेतस्थळावरची यच्चयावत चित्रे पीएनजी या फाइलप्रकारातच जतन करावीत, पारदर्शकता पुढेमागे उपयोगी पडते," हा काल येथे दिलेला सल्ला वाचला आणि राहवले नाही. हाच सल्ला शिरोधार्य मानलेल्या एका सराफाचे संकेतस्थळ मी गेल्या वर्षी दुरुस्त केले. मखमलीवर ठेवून काढलेले दागिन्यांचे फोटो, चौकट काठोकाठ भरलेली, मागचे पान दिसू देणारा, म्हणजे पारदर्शक, असा एकही ठिपका नाही, तरी सगळे पीएनजी! पीएनजी चित्रातले काहीही टाकून देत नाही. एकरंगी सपाट भाग ते सुरेख आवळते, पण मखमलीची लव आणि कॅमेऱ्याचा रवाळपणा यांपुढे त्याची मात्रा चालत नाही. तेच फोटो जेपेगमध्ये, म्हणजे बारीक तपशील टाकून देणाऱ्या प्रकारात, आणल्यावर फाइली कितीतरी लहान झाल्या आणि खुद्द सराफांना फरक ओळखता आला नाही.

खिळेजुळारी:
सराफांना आला नसेल, आम्हाला येतो. उद्या त्यांनी नथ मखमलीवरून उचलून संकेतस्थळाच्या जांभळ्या पानावर ठेवायला सांगितली, तर काय कराल? जेपेगला पारदर्शकताच नाही. जिफ या जुन्या चित्रप्रकाराला ती 1989 पासून आहे, पण तेथे ठिपका एक तर दिसतो किंवा दिसत नाही. पांढऱ्या कागदावरची नथ कापून मी एकदा जिफ केली होती. प्रत्येक मोत्याभोवती अशी पांढरी किनार आली, की नथीला बुरशी लागली आहे असे वाटावे. पीएनजीत पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या असतात, म्हणून नथीखालची सावलीही हळूहळू विरत जाते. इंटरनेट एक्स्प्लोरर 6 या जुन्या ब्राउझरमध्ये त्याच सावलीच्या जागी राखाडी ठोकळा दिसत असे, तेही दिवस आम्ही काढले आहेत. आता जागा स्वस्त झाल्यावर ही काटकसर कोणासाठी?

भिंगवाला:
गावाकडे मोबाइलवर पान उघडणाऱ्यासाठी. शिवाय 1200 गुणिले 1200 ठिपक्यांचे चित्र उलगडले, की ठिपक्यामागे चार बाइटांच्या हिशेबाने स्मृतीत 57,60,000 बाइट जातात. ते 300 ठिपक्यांच्या चौकटीत दाखवायचे असेल तर ही उधळपट्टीच आहे. आणि तुमच्या बुरशीचा दोष एकट्या जिफचा नव्हे. कडेच्या ठिपक्यांत कागदाचा पांढरा आधीच मिसळलेला होता. तो काढला नाही, तर पीएनजीतही किनार राहते.

जास्वंद:
आपण नथीवर भांडत बसा. मला छळते ते अक्षरांचे चित्र. आमच्या सोसायटीची पाणी बंद असल्याची सूचना जेपेग म्हणून येते, शिरोरेषेभोवती गढूळ ठिपके, आणि अनुस्वार कोठे, रफार कोठे, काही कळत नाही.

खिळेजुळारी:
म्हणूनच पीएनजी म्हणतो! अक्षरांच्या कडा त्यातच स्वच्छ राहतात.

जास्वंद:
मुळात ते चित्र का असावे? माझ्या भावाला दिसत नाही, तो फोनकडून वाचून घेतो. त्या सूचनेवर फोन त्याला फक्त "प्रतिमा" एवढेच ऐकवतो. तुमच्या स्वच्छ कडा त्याने हाताने चाचपायच्या का?

खिळेजुळारी:
हे बोलणे मला लागले. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची रास होऊन उमटत असे. जोडाक्षरे शाबूत पोहोचवायची, तर चित्राखेरीज उपाय नव्हता. ज्यांनी ती रास पाहिली नाही, त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये.

भिंगवाला:
ती रास मीही पाहिली आहे. काळ गेला, सवय मात्र गेली नाही, आणि त्या सवयीपायी तारीख शोधून सापडत नाही, मजकूर उचलता येत नाही. त्यापुढे पीएनजी की जेपेग हा वाद म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे.

जास्वंद:
वाद आपणच सुरू केला होता, एवढे नम्रपणे नोंदवते.

खिळेजुळारी:
आमच्या इमारतीच्या सूचना मीच करतो. पुढच्या खेपेपासून मजकूर टंकून देईन. विजयोत्सव साजरा करावा. नथ मात्र पीएनजीच राहील.

भिंगवाला:
सफाईदार सावली पीएनजीतच मिळत होती हे मान्य, पण वेबपी हे नवे चित्रस्वरूप 2010 मध्ये आले, सफारी ब्राउझरनेही ते 2020 मध्ये स्वीकारले, आणि जेपेगसारखी काटछाट करूनही त्यात पारदर्शकता टिकते. आपली नथ पाठवा, करून दाखवतो. मूळ फोटो पाठवा, कापलेला नको. त्या कडेतला पांढरा निस्तरत बसण्याची माझी तयारी नाही.